दार उघडण्याचा क्रम

हा लेख २०२१ च्या ऑक्टोबरातला आहे. येत्या गुरुवारी, ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर राज्यातील मंदिरांची दारे भाविकांसाठी पुनश्च उघडावयाची असा सरकारचा हुकूम निघालेला आहे. ४ तारखेपासून ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग पालकांच्या संमतीने प्रत्यक्ष भरू लागले आहेत. आणि २२ तारखेपासून नाट्यगृहे व चित्रपटगृहेही, निम्म्या आसनांवर का होईना, सुरू होणार आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे जी टाळेबंदी आली, त्या वर्षीच्या जूनपासून जी हप्त्याहप्त्याने सैल झाली, एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने जी पुन्हा आवळली, आणि गेल्या जूनपासून बाधितांचे प्रमाण व प्राणवायूच्या खाटांचा वापर पाहून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडून जी कमीजास्त होत राहिली, ती आता खरोखरीच उठण्याच्या मार्गावर आहे असे मानावयास जागा आहे. अशा वेळी घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे आता काय करावयास परवानगी आहे? हा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. कशाची मुभा आहे एवढे हुकूम सांगतो. त्या मुभेतले आधी काय करावे, कोणाकडे आधी जावे आणि कोणाला आधी घरात घ्यावे, हे हुकुमात लिहिलेले नसते, ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावयाचे असते, आणि माझ्या मते येत्या दोनतीन महिन्यांचे सारे बरेवाईट या क्रमावर अवलंबून आहे.

आजवर प्रत्येक शिथिलतेच्या वेळी आपला क्रम उलटा पडत आला. जे राहिले होते त्यातले सर्वांत गर्दीचे ते प्रथम झाले: लांबलेली लग्ने, वास्तुशांती, वाढदिवस, सहली. आणि जे एकटे पडले होते, आजारातून उठून घरातच राहिले होते, किंवा ज्यांच्या घरी मरण आले असता चार माणसेही दारात येऊ शकली नव्हती, त्यांची पाळी शेवटी आली, पुष्कळदा आलीच नाही. हा क्रम बदलावा, प्रथम एकेकटी माणसे मोकळी करावी आणि समारंभ सर्वांत शेवटी मोकळे करावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. पुढे जे लिहितो ते त्याचा तपशील म्हणून.

आमचे मुरुड हे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. एका अंगाला कर्दे, दुसऱ्या अंगाला हर्णै, मधोमध रस्ता आणि त्याच्या दोहों बाजूंस माडापोफळींच्या वाड्या. या गावाला ही दीड वर्षे दुहेरी जड गेली, कारण भर टाळेबंदीत, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून फळास यावयास पाचसहा वर्षे सहज लागतात आणि उंच जातीच्या माडाला त्याहूनही अधिक. तेव्हा ज्याचे आगर त्या एका दिवसात गेले त्याच्यापाशी पुढल्या काही वर्षांसाठी पाहुण्यांना खोली देणे, जेवण देणे, यांखेरीज दुसरे उत्पन्नाचे साधन उरले नाही, आणि पाहुणे तर रोगाने अडवलेले. म्हणून पर्यटकांची वाट पाहणाऱ्या माणसाला कोणी बेजबाबदार म्हणू लागला तर ते मला मान्य होत नाही. तथापि त्याच वादळाने एक गोष्ट शिकवली तीही सांगितली पाहिजे. छपरावर पडलेला माड दूर करण्यास, कौले शाकारण्यास, रस्त्यावरचे ओंडके हलवण्यास शेजारी आले, आणि ते उघड्यावर, वाऱ्यात, अंतर राखून येऊ शकले. माणसाला माणसापासून तोडल्यावाचून रोगाला दूर ठेवता येते, जागा मात्र नीट निवडावी लागते, याचा पडताळा त्या दिवसांत ज्याने त्याने घेतलेला आहे.

जागा निवडण्याची सोय आपल्या घरांत वाडवडिलांनी करूनच ठेवली आहे. कोकणातल्या जुन्या घराला पुढे खळे असते, मग पडवी, मग ओटी, आणि त्यानंतर उंबरठा ओलांडून माजघर. आल्यागेल्याला कुठवर घ्यावयाचे याची वहिवाट या चार पायऱ्यांनी ठरलेली असे. ती वहिवाट ज्या भेदभावावर उभी होती तो भेदभाव गेला ते उत्तमच झाले, आणि तो परत आणण्याचा कोणी विचारही करू नये. पण हवेच्या दृष्टीने या चार जागांत जे अंतर आहे ते आजही खरे आहे, आणि ते सर्वांना सारखेच लागू करावयाचे आहे, मग येणारा जावई असो की नारळ पाडावयास आलेला गडी असो. हा रोग मुख्यत्वे श्वासातून, बोलण्यातून, कोंदट जागेत साचून राहिलेल्या हवेतून पसरतो, हे आता पुरते स्पष्ट झालेले आहे. खळ्यात बसलेल्या दहा माणसांपेक्षा दार लावून माजघरात बसलेली चार माणसे अधिक धोक्यात असतात. तेव्हा पहिले दोन महिने तरी बैठक खळ्यात किंवा पडवीत घालावी. पाऊस आता ओसरला आहे, संध्याकाळी समुद्रावरचा वारा असतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आत कोंडून बसण्याची कोणाला हौसही नसते. पडवीला पावसासाठी बांधलेली झापे व कापडे अजून सोडली नसतील तर ती याच आठवड्यात सोडावीत. ज्यांची घरे नव्या पद्धतीची, सिमेंटची, ओटी नसलेली आहेत, त्यांनी समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक खिडकी व एक दार उघडे ठेवावे. एकाच बाजूची खिडकी उघडली तर हवा आत येते पण तिला बाहेर पडावयास वाट मिळत नाही.

आपल्या खोलीची हवा वाहते की साचते हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. देवापुढची एक उदबत्ती घ्यावी, नेहमी बैठक असते त्या जागी ती पेटवून ठेवावी, आणि पंखा बंद करून धुराकडे पाहावे. धूर सरळ वर जाऊन छताखाली थर करून तरंगत राहिला तर तसाच माणसांचा श्वासही तेथे तरंगत राहील असे समजावे; धुराची रेघ दारखिडकीच्या दिशेने मोडून ओढली गेली, तर ती खोली बसण्यास योग्य. मग खिडक्या वेगवेगळ्या रीतीने उघडून, पंखा खिडकीकडे तोंड करून लावून, तीच परीक्षा पुन्हा करावी. बहुतेक घरांत एखादा बंद राहिलेला झरोका किंवा कपाटाआड गेलेली खिडकी या परीक्षेत सापडते, आणि ती मोकळी केली की काम होते. ही परीक्षा नेमकी शास्त्रीय मोजणी नव्हे, पण घरगुती निर्णयाला ती पुरेशी आहे.

याच्या उलट, पहिल्या वर्षी आपण ज्या पुष्कळ गोष्टी केल्या त्या आता सोडून द्याव्यात. भाजी साबणाने धुणे, दुधाच्या पिशव्या पुसणे, आलेले टपाल दोन दिवस उन्हात टाकणे, चपलांवर औषध फवारणे, यांत घरच्या बायकांचे जे श्रम गेले त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्या श्रमांचा उपयोग अत्यल्प होता असे आता दिसते. बाहेरून आल्यावर हात साबणाने स्वच्छ धुतले म्हणजे झाले. उरलेली सारी दक्षता हवेकडे वळवावी, आणि बंद वाहनात, दुकानात, दवाखान्यात, कचेरीत मुखपट्टी नाकावर ठेवावी, कारण हनुवटीवर उतरलेली मुखपट्टी नसल्यासारखीच.

आता माणसांच्या क्रमाकडे येऊ. पहिला मान वृद्धांचा. दीड वर्ष ज्यांना आपण त्यांच्याच हिताखातर घरात बसवले, त्यांतल्या अनेकांच्या पायांतली शक्ती गेली आहे, ऐकणे कमी झाले आहे, आणि कित्येकांचे बोलणेच उणावले आहे. त्यांना एकदम देवळापर्यंत किंवा बाजारापर्यंत नेऊ नये. प्रथम खळ्यातल्या खळ्यात, मग शेजारच्या वाडीपर्यंत, असे आठपंधरा दिवस चालवावे. आणि यात आमच्याकडची एक गोष्ट विशेष जपावी लागते, ती म्हणजे पायऱ्यांची पाखाडी. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातले शेवाळ अजून ओले असते, ते वरून सुकलेले दिसले तरी सावलीतल्या पायरीवर पाय हमखास घसरतो, आणि या वयात मांडीचे हाड मोडणे हे कोणत्याही साथीइतकेच घातक ठरू शकते. तेव्हा आजोबांना बाहेर काढण्यापूर्वी घरातल्या तरुणाने खराटा व फावडे घेऊन आपल्या दारापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी खरवडून काढावी. मग त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या स्नेह्याला निरोप धाडावा. दोन म्हातारी माणसे पडवीत समोरासमोर, नेहमीपेक्षा हात दीड हात अधिक अंतराने, मोकळ्या हवेत तासभर बोलत बसली, तर त्यात मिळणारे सुख मोठे आहे आणि धोका थोडा. कमी ऐकू येणाऱ्याशी मुखपट्टीतून बोलले तर त्याला काही उमगत नाही, कारण तो ओठांकडे पाहून पुष्कळसे समजून घेत असतो. अशा वेळी उघड्यावर, अंतर राखून, मुखपट्टी खाली घेऊन सावकाश बोलावे. आणि दीड वर्ष खोळंबलेले डोळ्याचे शस्त्रकर्म, न तपासलेली साखर, न मोजलेला रक्तदाब, किडलेले दात, यांचीही एक यादी करून दापोलीच्या खेपा आताच उरकाव्यात. रोगाच्या भयाने इतर रोग दडून राहिले आहेत, ते गेलेले नाहीत.

लशीविषयी थोडक्यात: २०२१ च्या ऑक्टोबरात कोविशील्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचे आणि कोव्हॅक्सिनच्या दोन मात्रांत २८ दिवसांचे अंतर ठेवले जात होते, आणि दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवस उलटल्यावर तिचे संरक्षण पुरते आले असे धरत. पहिली मात्रा घेऊन दुसरी विसरलेली माणसे गावात आहेत. त्यांना आठवण करणे हे शेजाऱ्याचे काम आहे, आणि ते टोचून न बोलता करता येते. जो भीतीने लस घेत नाही त्याची टवाळी केल्याने तो अधिकच हट्टाला पेटतो. त्याच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जावे, हे अधिक उपयोगी पडते.

शाळेत जाऊ लागलेल्या मुलांसंबंधी पालकांची चिंता दोन प्रकारची दिसते: एक रोगाची, दुसरी बुडालेल्या अभ्यासाची. २०२१ च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांखालच्यांना अजून लस मिळत नव्हती, म्हणून घरातल्या सर्व मोठ्यांनी लस घेणे हेच मुलांचे त्या वेळचे संरक्षण होते. मूल शाळेतून आल्यावर हात-पाय धुवून, कपडे बदलून, थोडा वेळ खळ्यात खेळूनच आत यावे असा नेम ठेवावा, आणि अंथरुणावर खिळलेली आजी घरात असेल तर तिच्या खोलीत त्याने जाताना मुखपट्टी बांधावी. दुसरी चिंता मात्र मला थोडी अवास्तव वाटते. ज्या मुलांनी मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून, कोणाच्या तरी उसन्या मोबाईलवर, तुटक आवाजात धडे ऐकले, त्यांचा दीड वर्षाचा अभ्यास दोन महिन्यांत भरून काढण्याचा आग्रह धरू नये. प्रथम त्यांना वर्गात बसण्याची, हात वर करून विचारण्याची, मित्राशी भांडून पुन्हा बोलण्याची सवय होऊ द्यावी. सकाळी वेळेवर उठणे आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवून झोपणे एवढे पहिल्या महिन्यात साधले तरी शिक्षकांचे निम्मे काम हलके होईल. आणि संध्याकाळी त्यांना पुळणीवर मोकळे सोडावे. मुरुडच्या मुलाला समुद्र बंद असणे ही गोष्ट याआधी कोणाच्या ऐकिवात नव्हती.

चाकरमान्यांचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. २०२० साली मुंबईपुण्याहून येणाऱ्या आपल्याच माणसांना कोकणातल्या अनेक गावांनी वेशीवर अडवले, बांबू आडवे घातले, शाळेच्या इमारतींत दिवस काढावयास लावले. गणपतीला येणाऱ्यांस दहा दिवस अलग राहण्याचा सरकारी नियम होता, पण त्या नियमाला पुष्कळ ठिकाणी जो तुसडेपणा जोडला गेला तो सरकारने सांगितलेला नव्हता. भीती खरी होती आणि गावात दवाखान्याची सोय तोकडी होती, हे मान्य. तरी ज्याच्या मनीऑर्डरीवर घर चालले त्यालाच 'तू रोग आणलास' असे तोंडावर म्हटले गेले, हे त्याच्या मनातून अजून गेलेले नाही. आता दिवाळी महिन्यावर आली आहे. निर्बंध उठले म्हणजे जुने सारे आपोआप विसरले जाईल असे समजू नये. ज्या घरात असे काही घडले असेल त्या घरातल्या वडीलधाऱ्याने फराळाचे निमंत्रण धाडण्यापूर्वी एक फोन करावा आणि 'त्या वेळी आम्ही घाबरलो होतो, तुला लागले असेल, या दिवाळीला सगळ्यांना घेऊन ये' एवढे सरळ शब्दांत म्हणावे. येणाऱ्यानेही आपल्या बाजूने गावाची काळजी घ्यावी: ताप, खोकला, घसादुखी असेल तर बेत पुढे ढकलावा, दोन्ही मात्रा झालेल्या नसतील तर चाचणी करून यावे, आणि आल्यावर पहिले चारपाच दिवस पडवीत किंवा ओटीवर झोपावे, हवेशीर झोपण्याची मौज त्यालाही आवडेल.  भाऊबीजेचे ओवाळणे खळ्यात, उजेड असताना उरकले तर त्यात कोणतीही न्यूनता येत नाही.

जे घरी पर्यटक ठेवतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक पाहुणा गेल्यावर दुसरा येईतो खोलीची दारेखिडक्या काही तास सताड उघडी राहतील इतके अंतर आरक्षणातच धरावे, मग उत्पन्न थोडे कमी झाले तरी चालेल. आणि जेवणाची पंगत आत मांडण्याऐवजी माडाखाली मांडावी, जी शहरातून आलेल्याला अधिकच आवडते. येणाऱ्यांची नावे, पत्ते व दूरध्वनी वहीत नोंदवावेत, म्हणजे पुढे कोणी आजारी निघाल्यास कळवता येते. स्वयंपाकाला व झाडलोटीला येणाऱ्या बाईची लस झाली आहे की नाही हे मालकाने विचारावे, तिला त्यासाठी एक दिवसाची भरपगारी सुटी द्यावी, आणि ती आजारी पडली तर तिचा रोज कापू नये. रोज बुडेल या धास्तीने अंगात ताप असताना कामावर येणारी बाई हा तिचा दोष नसून आपल्या व्यवस्थेचा दोष असतो.

लग्नकार्यांबद्दल फार लिहीत नाही. बंदिस्त सभागृहात फार तर शंभर व उघड्या जागेत फार तर दोनशे माणसांची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये होती, आणि त्याआधी पंचवीस-पन्नास माणसांत लागलेली लग्ने काही कमी पक्की ठरलेली नाहीत. ज्या बापाला या मर्यादेमुळे कर्ज काढावे लागले नाही, त्याने ती सवय पुढेही ठेवली तर कोणाचे बिघडणार नाही.

आता देवीचे दर्शन. दुर्गादेवीच्या लाकडी खांबांच्या मंडपात एक नवरात्र चुकल्यानंतर या नवरात्रात पुन्हा पाऊल टाकावयास मिळणार, याचा आनंद ज्याला होणार नाही असा मुरुडकर विरळा. पण पासष्टीपुढील वृद्ध, व्याधिग्रस्त, गर्भवती स्त्रिया व दहा वर्षांखालची मुले यांनी शक्यतो घरीच राहावे, मूर्तीला स्पर्श करू नये, प्रसाद-तीर्थ वाटू नये, असे २०२१ च्या नवरात्रासाठी निर्देश होते, आणि ते पाळण्याजोगे होते. त्यात तोड अशी काढता येते की पहाटेची किंवा दुपारची निवांत वेळ वाडीवाडीने वाटून घ्यावी, म्हणजे आरतीची एकच गर्दी होणार नाही. आणि ज्यांना येववत नाही त्यांना घरी जाऊन देवीच्या सजावटीचे वर्णन सांगावे. रोग गेलेला नाही हे विसरू नये. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची पहिली लाट ओसरल्यावर मुंबई इलाखा निःशंक झाला होता, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती पहिलीहून कितीतरी भयंकर ठरली. आपणही फेब्रुवारीत निर्धास्त होऊन एप्रिलमध्ये तेच अनुभवले. म्हणून घरातले प्राणवायू मोजण्याचे यंत्र अडगळीत टाकू नये. ताप आल्यास सहा मिनिटे घरातल्या घरात चालावे, चालण्यापूर्वी व नंतर बोटाला यंत्र लावावे, आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्याने तीनहून अधिक उतरला तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

आणि आता ज्या कामाला मी सर्वांत वरचे स्थान देतो ते काम. आपल्या ओळखीत, नात्यात, शेजारात या दीड वर्षात जी माणसे गेली, त्यांच्या घरी आपण समाचाराला गेलो नाही. जाता येत नव्हते. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पुष्कळांना तर मुंबईच्या रुग्णालयातून परस्पर नेले गेले आणि घरच्यांनी चेहराही पाहिला नाही. दहावा झाला नाही, तेराव्याला कोणी आले नाही, कोणी येऊन दारात बसले नाही, आणि त्यामुळे त्या घरांत दुःख जसेच्या तसे पडून आहे. आता उशीर झाला, आता जाऊन काय बोलावयाचे, असे मनात येईल, तरी जावे. देवळाच्याही आधी जावे. नवरात्रात समाचाराला जाऊ नये असे कोणी म्हणेल, तर नवरात्रापूर्वीचे एकदोन दिवस अजून हातात आहेत, आणि माझ्या मते नवरात्रात गेल्यानेही देवी कोपणार नाही. जाताना एकट्याने किंवा दोघांनी जावे, खळ्यात बसावे, आणि गेलेल्या माणसाविषयी आपल्याला आठवते ते बोलावे: त्याने दिलेली कलमे, त्याने म्हटलेले भजन, त्याचे रहाटावरचे हाकारे. 'कुठून लागण झाली', 'लस घेतली नव्हती का', 'आधी का नाही नेले' हे तीन प्रश्न कटाक्षाने टाळावेत. या प्रश्नांची उत्तरे त्या घराने रात्री जागून स्वतःला शेकडो वेळा दिलेली असतात.

समाचाराबरोबर कागदपत्रांचेही काम करावे, कारण शोकात असलेल्या माणसाला कचेरीची पायरी चढवत नाही. मृताच्या वारसास पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावे या व्यवस्थेला सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मान्यता दिली; अर्ज दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यावयाची असून, दाखल्यावर मृत्यूचे कारण कोविड असे लिहिलेले नाही एवढ्याच सबबीवर अर्ज फेटाळता येणार नाही, आणि निदानापासून ३० दिवसांत मरण आले असेल तर ते रुग्णालयाबाहेर आले तरी धरावयाचे, असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. वाद पडल्यास जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येईल. अर्जासाठी मृत्यूचा दाखला, चाचणीचा अहवाल, रुग्णालयाचे कागद, वारसाचे आधार व बँकेचे पुस्तक एका पिशवीत जमवून ठेवावे. या साथीत आईबाप दोन्ही गमावलेल्या बालकाच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवण्याचे राज्य सरकारने २०२१ मध्ये ठरवले. आणि पतीच्या मागे राहिलेल्या स्त्रियांना वारसनोंद, शिधापत्रिका, निराधार योजनेचे मानधन इत्यादी मिळवून देण्यासाठी 'मिशन वात्सल्य' या नावाने तालुकावार समित्या तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली २०२१ मध्ये नेमल्या गेल्या. आपल्या वाडीतील अशा स्त्रीचे नाव त्या समितीपर्यंत पोचले आहे की नाही, हे तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे विचारून घ्यावे. तिच्या सह्या कोऱ्या कागदावर घेणारे दीर व चुलते निघतात, म्हणून सातबाऱ्याच्या वारसनोंदीच्या वेळी वाचता येणारे एक त्रयस्थ माणूस तिच्या बरोबर असावे.

हे मुरुडात लिहिताना एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावचे. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी, बालपणीच वैधव्य आलेल्या गोदूबाई, यांच्याशी विवाह केला, आणि त्यानंतर ते मुरुडास आले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना आपल्या छपराखाली घेतल्यास घरच्यांवरही बहिष्कार पडेल असे ठरवण्यात आले. आपल्याच घरी आलेल्या माणसाला आईच्या घरात राहता आले नाही. ते अंतर रोगाच्या भीतीने नव्हे, रूढीने पाडलेले होते. त्याच माणसाने पुढे स्त्रियांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले, १९१६ साली महिला विद्यापीठ उभारले, १९५८ साली त्याला भारतरत्न मिळाले, आणि आज त्याच्या नावानेच मुरुडची ओळख सांगितली जाते.

या साथीने तरुण वयात विधवा झालेल्या स्त्रिया आज प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींना पती गेला त्या दिवशी विलगीकरणात राहावे लागले, नंतर रोगाच्या नावाने शेजाऱ्यांनी दूर ठेवले, आणि आता नवरात्र येते आहे तर रूढीच्या नावाने हळदीकुंकवातून त्यांना वगळले जाईल. निर्बंध शिथिल झाले ते बाकी सर्वांसाठी, अशा स्त्रीसाठी नाहीत, असे होऊ नये. म्हणून मुरुडच्या आणि जेथे जेथे हा लेख वाचला जाईल तेथल्या सर्व गृहिणींना माझी विनंती आहे: या नऊ दिवसांत तुमच्या ओटीवर पहिले आमंत्रण तिला द्या, स्वतः तिच्या दारी जाऊन द्या, इतरांच्या बरोबरीने तिला हळदकुंकू लावा आणि तिची ओटी भरा, आणि कोणी सासूबाई किंवा काकू कुरकुरल्या तर त्यांना सांगा, की हे कर्व्यांचे गाव आहे.